आवाज न चढवणारा माणूस

दुबईजवळच्या रास अल खैमाला मी एका छोट्या क्रॉकरीच्या कारखान्यात सॅम्पल रूम सांभाळायचे. कपबश्या, प्लेट्स, सूपचे बाउल, सगळं हॉटेलांसाठी. मंदी आली तशी अर्धवट बांधलेल्या हॉटेलांनी ऑर्डरी रद्द करायला सुरुवात केली. तयार माल गोदामात पडून राहिला. नेमक्या त्याच दिवसांत मॅनेजमेंटनं युरोपातून एक सल्लागार आणला. तो आम्हाला टेबल मॅनर्स शिकवणार, म्हणजे आमचा माल तिकडे विकता येईल, असं सांगण्यात आलं. त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही.

साठीचा, उंच, बेल्जियमचा माणूस. कुणाचं बोलणं मध्येच तोडायचा नाही. एकदा भट्टीतून तडे गेलेला अख्खा लॉट बाहेर आला. सुपरवायझरनं हिंदीत शिव्यांची लाखोली वाहिली. हा नुसता "आय सी" म्हणाला आणि चष्मा पुसत राहिला. त्या दिवसापासून मला त्याची भीती वाटायला लागली. रागावणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते निदान कळतं.

डिस्पॅचला रत्नागिरीकडचे एक चाचा होते. कारखाना उघडला तेव्हापासूनचे. दुपारी कँटीनमध्ये आम्ही एकाच टेबलावर बसायचो.

"बाय, हा मोजायला आलाय," ते मला म्हणाले. "प्लेटी नाय, माणसं."

त्याचे वर्ग मात्र रंगायचे, हे कबूल करायला हवं. काही शतकांपूर्वी युरोपातले बडे लोकसुद्धा एकाच भांड्यात हात घालून जेवत, एकच पेला सगळ्यांत फिरे, असं तो सांगायचा. चघळलेलं हाड परत भांड्यात टाकू नये, टेबलक्लॉथला नाक पुसू नये, टेबलावर थुंकू नये, हे मोठ्या माणसांना समजावून सांगावं लागे. जो तो आपली सुरी कमरेला लावून यायचा. त्याच सुरीनं मांस कापायचं, तिनंच दात कोरायचे, आणि भांडण झालं तर तीच उपसायची. पुढे सुरीचं टोक बोथट झालं. काटा आला तेव्हा तर लोक हसले होते, हे काय नाजूक नखरे म्हणून.

आमच्यातल्या एकानं विचारलं, मग हे बदललं कशामुळे? तो म्हणाला, तलवारीवर जगणारे सरदार राजाच्या वाड्यात राहायला आले. तिथे जो भडकला तो संपला. ज्याला चेहरा सांभाळता आला तो टिकला. आधी वरच्याच्या भीतीनं माणसं जपून वागायला लागली. मग त्याची सवय झाली, मग लाज वाटायला लागली, आणि शेवटी मुलांना नुसतं 'हे घाण आहे' एवढंच शिकवलं गेलं. भीती कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

चाचा मागच्या खुर्चीवरून हिंदीत बोलले, आणि मी ते इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे आजही सगळे एका थाळ्यातून जेवतात. उजव्या हातानं, आपल्या पुढ्यातलंच. मोठ्यांनी सुरुवात केल्याशिवाय कोणी हात लावत नाही. ही रीत नाही का?

त्यानं मान झुकवली आणि म्हणाला की आहे, आणि त्याच्या लोकांपेक्षा जुनी असावी. चाचांना ते पटलं नाही. गोड बोलतो, एवढंच ते म्हणाले.

एका शुक्रवारी मी त्याला घरी जेवायला बोलावलं. पाहुणचार हे निमित्त होतं, मला माहिती काढायची होती. नवरा नाराज होता. वरण-भात, बटाट्याची भाजी, पुऱ्या. मुलगी त्याला म्हणाली, "अंकल, यू कॅन यूज अ स्पून." त्यानं चमचा बाजूला ठेवला, नवरा पुरी कशी तोडतो ते पाहिलं आणि तसंच जेवला. शेवटी मी विचारलंच, की माणसं कमी करायची आहेत का?

"मला विचारतील," तो म्हणाला. "मग मला जे दिसतं ते मी सांगेन."

आणि त्यानं वरणाची तारीफ केली. त्या तारिफेतलं किती खरं, याचा मी रात्रभर विचार करत राहिले.

थोड्याच आठवड्यांनी, गुरुवारी दुपारी, चाचांना वर ऑफिसात बोलावून नोकरी संपल्याचं सांगितलं. खाली आले ते थेट कँटीनमध्ये, सल्लागाराच्या टेबलापाशी. हिंदी, मराठी, अरबी, ज्या भाषेत शब्द सापडेल त्या भाषेत ते ओरडले. इतकी वर्षं दिली, आणि तू येऊन खलास केलंस, म्हणाले. तो उठून उभा राहिला. हात मागे बांधून सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, "आय अॅम सॉरी फॉर यू." चाचा आणखीच पेटले. दोघांनी धरून त्यांना बाहेर नेलं.

चाचा रत्नागिरीला परतले. सल्लागाराचंही काम त्याच महिन्यात संपलं. माझी नोकरी राहिली.

काही वर्षांनी दुबईत हॉटेलवाल्यांच्या प्रदर्शनात तो मला दिसला. दुसऱ्या कुणाच्या तरी प्लेट्स विकत होता. मला पाहून उठला, मुलीची चौकशी केली. मी विचारलं, चाचांचंच नाव का दिलं?

"त्यांचं नाव मी दिलं नव्हतं," तो म्हणाला. "मी तुमची सॅम्पल रूम बंद करा म्हटलं होतं. मॅनेजमेंटनं ऐकलं नाही."

चहात साखर किती, हे विचारावं तशा स्वरात. माझे कान तापले. माझ्या घरी जेवून गेलेला माणूस. चाचांचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता, म्हणून मी वाचले असेन, दुसरं काही सुचत नाही. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि हसले. सांगितल्याबद्दल आभार मानले, त्याचं कार्ड घेतलं आणि बाहेर आले.

घरी पोचल्यावर चाचांना फोन लावून सगळं सांगितलं. मला वाटलं, आपण भलत्याच माणसावर ओरडलो म्हणून त्यांना वाईट वाटेल.

"ओरडलो ते बरंच झालं," ते म्हणाले. "त्या रात्री झोप तरी लागली. तू काय बोललीस त्याला?"

"थँक यू म्हटलं."

चाचांनी विषय बदलला. माझी मुलगी आता कितवीला आहे ते विचारलं.