धनेश बघायला निघालेले सर

आमचे सर पाण्याचा कॅन घेतल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकत नसत. आगुंब्याच्या जंगलात वर्षातले कितीतरी महिने आभाळ फाटलेलं असतं, पण तिथे जायलाही हा माणूस उदगीरहून दोन कॅन भरून घेऊन आला. शिमोग्याच्या स्टँडवर मी कपाळाला हात लावला.

"हसू नको पोरी," सर म्हणाले. "पाण्याचा काय भरवसा?"

सरांनी उदगीरच्या शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. मी त्यांचीच विद्यार्थिनी. सह्याद्री हिमालयाहून म्हातारा आहे, हे ते आजोळचं कौतुक सांगावं तसं सांगत. स्वतः मात्र बोरी-बाभळींपलीकडचं रान त्यांनी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर काचबिंदू निघाला. कडेचं दिसेनासं झालं होतं आणि उरलेली नजरही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हा मी शिमोग्याच्या बँकेत होते. सरांचा फोन आला.

"नजर हाय तवर एकदा धनेश दाव. पुस्तकातलं पाखरू बघून बघून जीव विटला."

दिवाळीनंतर मी रजा टाकली.

आगुंब्यात पहिल्याच संध्याकाळी पावसाची सर कोसळली. बाहेर येऊन बघते तर घरमालकीण अम्मांची सगळी पातेली सरांनी पागोळ्यांखाली ओळीनं मांडलेली! "वाया चाललंय न्हवं!" अम्मा हसून हसून बेजार झाल्या. सर आपल्या उदगिरी कन्नडात त्यांनाच पाण्याचं महत्त्व समजावत राहिले. दुसऱ्या दिवशी रानात त्यांच्या पायाला जळू लागली. किंचाळले मी, सर नाही. "पिऊ दे. तिच्या घरी आलोत आपण," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांत शेकरू दिसलं, माकडं दिसली. धनेश काही येईना. तिसऱ्या दिवशी दुपारची परतीची बस होती, आणि मला त्या पाखराचा मनापासून राग आला होता. सकाळी आम्ही एका उंबराखाली उभे होतो. अचानक वरून लोहाराचा भाता चालावा तसा पंखांचा आवाज आला.

"कुठं? कुठं गं?" सर भलतीकडेच बघत होते.

मी मागचापुढचा विचार केला नाही. सरांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि वळवलं. ज्यांच्यासमोर मान वर करायची हिंमत नव्हती, त्यांचं डोकं! सर एकदम थांबले. तोंड उघडं राहिलं, डोळे वाहायला लागले.

यंदा उदगीरला गेले. सरांची नजर आता पूर्ण गेली आहे. चहा घेताना तोच विषय निघाला.

"दोन होती," सर म्हणाले.

"सर, एकच होता की."

"दोन. नर खाली उंबर खात होता, मादी वरल्या फांदीला. तू कुठं पाखरू बघितलंस? सारा वेळ माझंच तोंड बघत होतीस."

खोटं कशाला सांगू, तसंच होतं.