अंधारमुक्त वस्तीचा पहिला टप्पा

आमच्या गावात कुणाला कुणावर जाहीर आरोप करायचा असला, तर आधी जालिंदरदादा मोकळा आहे का ते बघावं लागतं. आळेफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. छपाई दुसरीकडेही होते, पण त्याच्याइतका झोंबणारा मजकूर कुणाला जमत नाही. मिसरूड न फुटलेल्या पोराला वाढदिवसाच्या बोर्डावर ‘युवकांचे आशास्थान’ करणारा हाच माणूस. माझा चुलतभाऊ, त्यामुळे त्याच्या दुकानातला चहा मला फुकट, आणि त्या दुकानाने होणारा वैतागही.

गेल्या निवडणुकीत गावाने एक उद्योग करून ठेवला. सरपंच थेट मतांनी निवडायचा, म्हणून निर्मलाताईंना निवडून दिलं. सदस्य मात्र जास्तीचे सावळेरामआप्पांच्या पॅनलचे दिले. एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने पाडायचा. दोन्ही पॅनलचे मजकूर जालिंदरदादाच लिहायचा. विचारलं की म्हणायचा, “धंदा हाय राव. डॉक्टर काय पेशंटला पॅनल विचारतो का?”

यंदाच्या अंदाजपत्रकात ताईंनी एसटी स्टँडपासून आमच्या वस्तीपर्यंतच्या वाटेवर दहा दिवे धरले. ती वाट सगळी उसातून जाते आणि उसात वाघ असतो. पेपरवाले त्याला बिबट्या म्हणतात. आमची शेळी गेली की तो वाघच. आप्पांच्या लोकांना दिवे नको नव्हते, ताईंचे दिवे नको होते. पण तसं म्हणायची चोरी. आप्पा दुकानात येऊन बसले.

“जालिंदर, विरोध तर करायचाय, पण विरोध दिसाय नको.”

दादाने कॉम्प्युटरवरून नजर न काढता सांगितलं, “मग जास्त मागा.”

थोड्याच वेळात गावाच्या ग्रुपवर पडलं: ‘दहा दिव्यांवर वस्तीची बोळवण करणारे जनतेचे शत्रू! आम्हाला वीस हवेत, तेही सोलर!’ मीटिंगमध्ये दहा दिव्यांचा ठराव पडला आणि पाडणाऱ्यांनाच टाळ्या मिळाल्या. मग ताई दुकानात आल्या. दादाने त्यांना उंच खांबावरचा झगझगीत हायमास्ट सुचवून दिला: ‘मिणमिणते वीस कशाला? वस्तीचा सन्मान, हायमास्ट महान!’ सदस्यांनी हायमास्ट अडवला, ताईंनी सोलर लटकवून ठेवलं. दोघंही वस्तीसाठी जीव द्यायला तयार होते, फक्त दिवा द्यायला तयार नव्हते.

“दादा, तू मजकूर लिहितोस का लिलाव पुकारतोस?” मी म्हटलं. त्याला ते कौतुक वाटलं.

हे कौतुक दादाच्या बायकोने, नंदावहिनींनी, एका दमात उतरवलं. दादाची मुलगी रत्ना नारायणगावला कॉलेजला जाते. थंडीत तिची एसटी येईपर्यंत अंधार पडलेला असतो. त्या आठवड्यात वाघाने भागूआजीचं वासरू नेमकं त्याच वाटेवरून उसात ओढून नेलं. वहिनी भर दुपारी दुकानात आल्या, बसल्याही नाहीत.

“सोमवारपास्नं रत्ना घरी बसणार.”

“अगं, दिवे व्हतील की.”

“कवा? तुमी दोन्हीकडनं लिहायचं थांबल्यावर?”

“ते धंद्याचं...”

“मग रोज संध्याकाळी स्टँडवर जा तिला आणाय.”

“संध्याकाळीच तर गिऱ्हाईक येतंय, नंदा.”

“हां. गिऱ्हाइकाची पोरगी असती तर पळत गेला असता.”

एवढं ऐकल्यावर दादा त्याच दिवशी आप्पांकडे गेला. दहा दिवे मंजूर करा म्हणाला. आप्पांनी मोबाइल काढून त्याचाच मजकूर त्याला खणखणीत वाचून दाखवला.

“आता जनतेचं शत्रू आमी व्हायचं व्हय?”

“आप्पा, ते मीच लिहिलंय!”

“म्हणून तर लोकांना पटलंय, लेका!”

ताईंनी निदान चहा दिला. म्हणाल्या, “लोकांच्या डोळ्यांपुढं हायमास्ट उभा राहिलाय, जालिंदरभाऊ. आता दहा म्हटलं तर हळदीकुंकवाला बाया तोंडावर हसतील. तुमीच तसं लिवलंय.”

दादा दुकानात येऊन जे बोलला ते छापता येणार नाही. त्यातलं निम्मं गावाला होतं, निम्मं स्वतःला. दोन दिवस त्याने एकाही बोर्डाला हात लावला नाही. एका आजोबांचा दशक्रिया विधीचा बोर्ड तेवढा केला, कारण तो थांबत नाही. तिसऱ्या दिवशी त्याला दोन शब्द सुचले: पहिला टप्पा.

आप्पांना पाठवलं: ‘आमच्या रेट्यापुढे सरपंच नमल्या! सोलर योजनेचा पहिला टप्पा, दहा दिवे!’ ताईंना पाठवलं: ‘विरोधकांना उपरती! हायमास्टचा पहिला टप्पा, दहा दिवे!’ दोघांनाही मजकूर आवडला. शनिवारच्या मीटिंगमध्ये दहा दिवे बिनविरोध मंजूर झाले, आणि जिंकलो म्हणून दोन्ही बाजूंनी गुलाल उधळला. महिनाभर जे दहा दिवे अपमान होते, तेच आता दोन्हीकडचा विजय झाले. मला हसावं का डोकं आपटावं कळेना.

दादा पेढे घेऊन घरी गेला. मीही मागोमाग.

“झालं मंजूर,” तो म्हणाला.

“खांब कुठंय?” वहिनींनी विचारलं.

“आता टेंडर, मग ठेकेदार, मग लाइटवाले. यील की दोन-तीन महिन्यांत.”

“तवर पोरीनं मंजुरीच्या उजेडात चालायचं का?”

सोमवारी रत्ना कॉलेजला गेली. संध्याकाळी आप्पा आणि ताई दोघंही अभिनंदनाच्या बोर्डासाठी दुकानापुढे उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. शटर बंद. आप्पांनी फोन लावला.

“कुठंयस रं?”

“स्टँडवर,” दादा म्हणाला. “एसटीची वाट बघतोय. उद्या दुपारी या. इथनं पुढं संध्याकाळी दुकान बंद.”

मी त्याच्याबरोबरच होतो. एसटी नेहमीप्रमाणे उशिरा आली. रत्ना उतरली, बापाला बघून आधी घाबरली, मग हसली. आम्ही उसाच्या वाटेला लागलो. पुढे दादा बॅटरी मारत, मागे मी काठी आपटत, मध्ये ती मोबाइलमध्ये ग्रुप वाचत.

“पप्पा, ‘अंधारमुक्त वस्तीचे शिल्पकार’ म्हणून आप्पा-ताई दोघांचे फोटो आलेत. ही वस्ती कुठली?”

“आपलीच,” दादा म्हणाला. “मोबाइल ठेव आत. खाली बघून चाल.”