मूसाच्या भावाची खबर

फौजेतून पेन्शनीत निघाल्यावर मी मस्कतला आलो. बौशरमधल्या एका निवासी कंपाउंडवर सिक्युरिटी सुपरवायझर झालो. सुभेदारकी गावी ठेवली, सवयी मात्र बरोबर आल्या. सकाळी फॉल-इन, बूट तपासणं, गेटचा रिपोर्ट. माझ्या गार्डांत खरा फौजी एकच, मूसा. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचा माजी सार्जंट. त्याची माणसं अजून तिथे राहतात, म्हणून देशाचं नाव लिहीत नाही. त्याचा धाकटा भाऊ, कॉर्पोरल इद्रिसा, उत्तरेकडच्या वाळवंटात एका चौकीवर होता. मूसाचं आणि माझं बोलणं मोडक्या हिंदीत चाले.

त्या देशाचं ते वर्ष आम्ही गार्डरूममध्ये मूसाच्या मोबाईलवर पाहिलं. वर्ष सुरू होताच राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच अंगरक्षकांनी कोंडलं. एक कर्नल टीव्हीवर आला. सीमा बंद, कर्फ्यू. लोक रस्त्यावर नाचले. मूसाही खूश होता.

"आता फौज नीट होईल, सुभेदारसाब."

मी मनात म्हटलं, फौजी खुर्चीत बसला तर सीमेवर कोण उभं राहणार? पुढे परदेशी तुकड्या परत पाठवल्या. डिझेल मिळेनासं झालं. निवडणूक पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली.

त्यानंतर इद्रिसाची चौकी पडली. हल्लेखोरांनी व्हिडिओ टाकला. मी तो नीट पाहिला. तिन्ही बाजूंनी मारा, बाहेर पडायच्या एकुलत्या वाटेवर जळणाऱ्या गाड्या. सरकारने जाहीर केलं, हल्ला परतवला. मेलेल्यांचा उल्लेखही नाही. मूसा हेडक्वार्टरला फोन लावी. उत्तर ठरलेलं, "चौकशी चालू आहे." स्वातंत्र्यदिनाची परेड आम्ही पाहिली. कर्नल हसतमुखाने सलामी घेत होता. माझं डोकं फिरलं.

मूसाच्या घरी सगळं अडून बसलं होतं. सेनेची खबर आल्याशिवाय इमाम इद्रिसासाठी मयताचा फातिहा पढायला तयार नव्हता. आई रोज त्याचं ताट वाढून ठेवी. भावजय धड सुवासिनी नाही, धड विधवा नाही.

नोकरीत असताना काही घरी अशी खबर मी स्वतः घेऊन गेलो होतो. चहा पिता पिता कधीतरी मूसाला ते सांगितलं होतं. उभं राहून सांगायचं. टोपी काढायची नाही. नाव, हुद्दा, आणि काय झालं ते. 'बहुधा' म्हणायचं नाही.

एक दिवस ड्यूटी संपल्यावर तो गार्डरूममध्ये आला.

"साब, माझ्याकडे कोणी येणार नाही. तुम्ही सांगा."

"माझ्याकडे पुरावा नाही, मूसा."

"व्हिडिओ पाहिलात ना? फौजी म्हणून बोला."

"तिथून कोणी निघालं नसेल."

"असं नाही. तुमच्या पद्धतीने."

मला भीती वाटली. जिवंत माणसाला मारणं हे पाप, आणि एका आईला असं टांगून ठेवणं तरी काय होतं? मी उठलो. टोपी घातली. मूसा सावधान उभा राहिला.

"कॉर्पोरल इद्रिसा चौकीवर लढताना शहीद झाला. त्याने पोस्ट सोडली नाही."

शेवटचं वाक्य मी पदरचं घातलं. मूसाने सॅल्यूट केला, आणि तिथेच उभ्या उभ्या आईला फोन लावला. पलीकडून बाईची किंकाळी ऐकू आली. मग रडणं. मग बऱ्याच बायकांचे आवाज. मूसाने फोन छातीशी धरला.

"मी म्हटलं, सेनेचा माणूस येऊन सांगून गेला."

"बरं केलंस."

"शेजारच्या बायका जमल्यात, साब. त्यांची पोरं त्याच चौकीवर होती. म्हणतात, तो माणूस लांब गेला नसेल तर थांबव. आमचंही सांग म्हणावं."

मूसा वाट बघत उभा होता. फोनमधले आवाज एकदम थांबले होते.

मी टोपी सरळ केली आणि म्हणालो, "नावं सांग."

मामादू. सेकू. अब्दुलाय.