खोली तिची होती

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीतली टेबलं भरायला राज्याच्या चारी बाजूंनी माणसं बोलावली होती, त्यात मी. रत्नागिरीकडची, बावीस वर्षांची, भातावर वाढलेली. इथले लोक मराठीच बोलत, पण पहिला महिना मला अर्धं कळायचं नाही, आणि जेवण तर परमुलखातलं वाटायचं. खानावळीच्या तिखटानं पोट बिघडलं. भात परवडेना. दोन वर्षं पाऊस नव्हता, नळ आठवड्यातून एकदा यायचा. मी दुपारी चुरमुरे खाऊन वेळ मारून नेत होते.

शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका माझ्याच वयाची, उदगीरकडच्या खेड्यातली. एके दिवशी तिनं विचारलं, "रोज हेच खालालीस व्हय? माज्या खोलीवर ये राहायला. दोघीत एक इस्टो, एक घागर. भागतंय."

मी सामान घेऊन गेले तेव्हा ती दारातच म्हणाली, "आमी बौद्ध हाव. चालत नसंल तर आत्ताच सांग."

"हे काय विचारणं झालं?" मी म्हणाले. तसं म्हणाल्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी मी तांदूळ तीनदा धुऊन पाणी मोरीत ओतलं. दुसऱ्या दिवशी तिनं मोरीत पातेलं ठेवलं आणि ते धुवण आमटीला वापरलं. तिच्या आईनं येसर दिलेलं असायचं. डाळी, धान्य, मसाले भाजून केलेलं पीठ. उकळत्या पाण्यात दोन चमचे टाकलं की दोघींची आमटी व्हायची. कधी ज्वारीच्या कण्या, कधी अंबाडीची भाजी. महिन्याभरात माझं पोट ताळ्यावर आलं. भाकरी मात्र जमली नाही, थापताना मोडायची. "पिठाला इरी हाय गं, चिकटतंय चांगलं, तुज्याच हाताला न्हाई," म्हणून ती हसायची आणि माझ्याही वाटच्या भाकरी करायची.

आईनं पत्रात विचारलं, खोलीतली मुलगी आपल्यातली का? मी लिहिलं, हो. ते लिहायला मला जरासाही वेळ लागला नाही.

मग आईचं दुसरं पत्र आलं, चार दिवस येते म्हणून. माझी सोबतीण अंबाडी निवडत बसली होती, तेव्हा मी विषय काढला. "आई येतेय. जागा लहान आहे. तू तेवढे दिवस गावाकडं जाऊन आलीस तर..."

तिचा हात थांबला. "आईला सांगितली न्हाईस व्हय?"

मी अंबाडीची एक काडी उचलून पानं खुडू लागले.

"बरं," ती म्हणाली.

खोली तिची होती. भाडं तिच्या नावावर होतं. तवा, काठवट, स्टोव्ह सगळं तिचं होतं. तिनं रजा टाकली. निघायच्या दिवशी पहाटे उठून तिनं दहा भाकरी केल्या आणि फडक्यात बांधून दुरडीत ठेवल्या. "तुला येत न्हाईत. आई लांबून येलालेत, उपाशी ठेवू नको."

ती गेल्यावर मी भिंतीवरची बुद्धाची तसबीर उतरवली, माझ्या साडीत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी घातली, आणि त्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं.

आई एसटीच्या प्रवासानं दमून आली. जेवताना तिनं भाकरी हातात धरून पाहिली. "किती पातळ! तू केल्यास?"

"हो."

"चांगला हात बसला तुझा. मला नाही अशा जमायच्या." तिनं आणखी एक मागून घेतली. मला भूक होती, मी पोटभर जेवले.

आई सकाळी गेली आणि दुपारी सोबतीण गावाहून परत आली. तसबीर परत लावायचं मी विसरले होते. पिशवी खाली ठेवून ती भिंतीकडे बघत राहिली. मी घाईघाईनं ट्रंक उघडून तसबीर तिच्या हातात दिली. तिनं पदरानं काच पुसली, कॅलेंडर काढलं, तसबीर लावली.

"भाकरी खाल्ल्या आईनं?"

"हो. फार आवडल्या."

"कुणी केल्या म्हनून सांगितलीस?"

मी कॅलेंडर उचलून गुंडाळायला लागले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं आपल्यापुरत्या दोनच भाकरी केल्या आणि बाजूला सरकली. "इस्टो मोकळा हाय, ताई. तुमचं करून घ्या." तोवर तिनं मला कधी ताई म्हटलं नव्हतं, की तुम्ही.

तेव्हाच माफी मागता आली असती. मला उलट राग आला. एवढ्याशा गोष्टीचं काय धरून बसायचं, असं वाटलं. आठ दिवस मी मनातल्या मनात हेच घोळवत होते, की मी हिच्याबरोबर राहिले, हिच्या हातचं खाल्लं, आणखी काय करायचं होतं? या विचाराची मला आज त्या खोटेपणाहून जास्त लाज वाटते.

मग मी नांदेडला बदलीचा अर्ज लिहिला. कारण दिलं, इथलं अन्न प्रकृतीला मानवत नाही. साहेबांनी तो टंकायला तिच्याकडेच पाठवला. तिनं एकही चूक न करता तो टंकला आणि सहीसाठी माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी सही केली.

नांदेडहून मी तिला दोन पत्रं लिहिली. दोन्हींत हवापाण्याचं आणि कचेरीचं लिहिलं. उत्तर आलं नाही. उत्तर द्यावं असं त्यांत काही नव्हतंही.