झिल्फामावशीनं घातलेली नावं

झिल्फामावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याची तिला काडीचीही लाज नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत, आर्कान्सातल्या कापसाच्या मुलखात ती गोऱ्यांचे कपडे धुऊन इस्त्री करायची आणि रविवारी चर्चमध्ये ओळ सांगायची. भजनाची पुस्तकं होती कुणाकडे? एकानं ओळ बोलायची, मग सगळ्यांनी ती संथ, लांबवून गायची. मावशीनं एकदा ऐकलेलं जन्मभर विसरायची बात नव्हती.

काळ्या मुलांना शिकवणारी अर्लीथा तिच्याकडेच राहायची. ती कविता करायची. १९१९ चा तो उन्हाळा जीवघेणा होता. काळी पोरं महायुद्ध जिंकून आली आणि आपल्याच देशात गोऱ्यांच्या हातून मारली गेली. कितीतरी शहरांत काळ्यांच्या वस्त्या पेटल्या. इथल्या पंचक्रोशीतली पाच पोरं गेली. ल्यूशस तर स्वतःच्या दारात पडला. त्यावर अर्लीथानं शिकागोहून चोरून येणाऱ्या काळ्यांच्या पेपरासाठी कविता लिहिली आणि इस्त्री करणाऱ्या मावशीला वाचून दाखवली.

“झकास गं, मास्तरीणबाई! पण हा ‘एक भाऊ’ कोण? आईबापानं नाव नव्हतं ठेवलं त्याला?”

“नाव लिहिलं आणि कागद सापडला, तर मोझेलाकाकूंचं घर जाळतील, मावशी.” मोझेला म्हणजे ल्यूशसची आई.

मावशीनं पुढचा सदरा ओढला.

दोन दिवसांनी बंदूकवाले गोरे शिकागोचे पेपर शोधत घरोघर फिरू लागले. घोड्यांच्या टापा ऐकताच अर्लीथानं वही चुलीत टाकली. माणसं आली, उलथापालथ करून गेली. दुसरी प्रत नव्हती. धसक्यानं तिला एक ओळही धड आठवेना.

रविवारी भजन संपलं तरी मावशी उभीच राहिली.

“ल्यूशस रणातून आला,” तिनं ओळ सांगितली, “ल्यूशस दारात पडला.”

ओळ अर्लीथाची होती, नाव मावशीचं. सगळे खिडक्यांकडे पाहू लागले. ओळ कुणीच उचलेना. आता ही म्हातारी आपल्या सगळ्यांना घेऊन बुडणार, असं अर्लीथाला वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून मोझेला उठली आणि तिनं भजनाच्या चालीत ती ओळ गायला घेतली. मग सगळं चर्च तिच्यामागून गाऊ लागलं. पाच कडवी, पाच नावं. अर्लीथानं पेन्सिल काढली. आपलीच कविता ती ऐकून उतरवत होती आणि ती आपल्या हातून उतरली त्याहून केवढीतरी मोठी झाली होती.

बाहेर आल्यावर तिनं मावशीचा हात घट्ट धरला. “मावशी, अहो, घर जाळतील ना मोझेलाकाकूंचं!”

“ते मी विचारलं की तिला. पाचही आयांना विचारून आले मी. मोझेला म्हणाली, घर पुन्हा बांधता येतं.”