दादाचं नाव बाळाला देता आलं नाही

मंडळी, आज इथं हिंदी मुलखात, कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी पणतूचं बारसं झालं. सगळे जेवून गेले, पण मी ताटावरून तसाच उठलो.

बाळाला माझ्या मोठ्या भावाचं नाव द्यायचं, हे मी केव्हाचं सांगून ठेवलं होतं. दादा फॅक्टरीत रात्रपाळ्या करायचा, म्हणून मी सातवीपर्यंत तरी शिकलो. त्याला मूलबाळ नव्हतं.

बाळाची आत्या, म्हणजे माझी नात, कानात नाव सांगायला पाळण्यावर वाकली आणि थांबली. "आबा, ये नाम मत रखो ना."

"काहून गं?"

"त्या सारखा पक्ष बदलणाऱ्या नेत्याचं पण हेच नाव आहे. आमच्या ऑफिसात कोणी शब्द देऊन फिरला, की त्याच नावाला इंग्रजी शेपूट लावून 'यानं शब्द फिरवला' असं म्हणतात सगळे. उद्या शाळेत पोरं बाळाला चिडवतील."

"अगं, दादा तर त्या नेत्याच्या आधी जन्मला!"

"किस किस को समझाओगे, आबा?"

नातसुनेनं मोबाइलमध्ये बघून दुसरं नाव काढलं, आत्यानं ते कानात सांगितलं आणि बायांनी पाळणा म्हटला.

माझा दादा दिलेल्या शब्दाला पक्का होता. पण मला इंग्रजी येत नाही, मी भांडू कोणाशी?

आणि बघा, खाली कमेंटमध्ये कोणीतरी हसेल या भीतीनं मीसुद्धा इथं त्याचं नाव लिहिलं नाही. मग आता दादाचं नाव घेणारं कोण उरलं?