कडी आतल्या बाजूला

"हिला मिरगी नाही," मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. समोर ईईजीचा कागद होता. ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूचं काम तपासतात ते. सगळं नॉर्मल होतं.

मायनं विचारलं, "मंग पडती कावून बाई? दात खिळतेत, हात वाकडे होतेत. सोंग करती का?"

"सोंग नाही. मनाला सोसेनासं झालं की शरीर असं बंद पडतं."

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. मी बी.ए. झालेय, आमच्या घरात पहिलीच, आणि त्याचा मला अभिमान आहे. तरी मी दोनदा विचारून घेतलं. मला कळलं ते असं: माणूस संकटातून सुटतं, पण अंगाला ते पटायला फार वेळ लागतो.

माझी धाकटी बहीण दहावीत होती. इथं तिला सारिका म्हणते, खरं नाव वेगळं आहे. ओळखीतल्या एका बाईनं दुकानात काम देते म्हणून तिला पुण्याला नेलं आणि विकलं. पोलिसांनी सोडवलं, काही दिवस बालगृहात राहिली, मग घरी आली. तिथं काय झालं ते मी लिहिणार नाही. ते सांगायचं की नाही हे तिनं ठरवायचं.

घरी आल्यावर झटके सुरू झाले. नेकनूरहून बीडला एसटी, केसपेपरची रांग, मग बाकावर बसणं. गोळ्या सुरू झाल्या. समुपदेशन, म्हणजे मॅडमजवळ एकटीनं बसून बोलणं, तेही सुरू झालं. सारिका बोलत नव्हती, नुसती बसून यायची. मी बाकावरच पेंगायचे. लई थकले होते. हे लिहायला लाज कसली?

झटके थांबेनात. शेवटी मॅडम म्हणाल्या, "असंच राहिलं तर पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागेल."

पुण्याचं नाव ऐकून सारिकानं माझी ओढणी मुठीत धरली. सोडलीच नाही.

मॅडमनी ते पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "झटका येतो कधी?"

मी म्हणाले, "दुपारी. घरीच. इथं तासन् तास बसते, इथं कधी आला नाही."

"दुपारी घरात कोण असतं?"

"कोणी नाही. माय-आबा मेंढरांमागं जातात, मी क्लासवर शिकवायला."

"आणि दार?"

माय पुढं सरकली. "दाराची काळजी न्हाई बाई. मी भायेरून कडी घालूनच जाते. पोरीच्या वाटंला कुणी जायला नगं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. सारिका जमिनीकडं बघत म्हणाली, "तिथं बी भायेरूनच होती."

दवाखान्यात तिनं आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मायनं तोंडाला पदर लावला.

एसटीत माय म्हणाली, "दार उघडं टाकून जाऊ का मंग? गाव काय म्हणंल?" आबाही बरोबर होते. ते मेंढरांशी जेवढं बोलतात तेवढंही माणसांशी बोलत नाहीत. त्या दिवशी घरी आल्या आल्या त्यांनी बाहेरची कडी उचकटली आणि आतून ठोकली. बाहेर नुसती भोकं राहिली.

"गावाला म्हणावं," आबा म्हणाले, "हाक मारून ये."

झटके लगेच गेले नाहीत. आधी कमी झाले, मग क्वचित आले. भरतीचं कागदावरून खोडलं. गोळ्या चालू आहेत, मॅडमच्या तारखा चालू आहेत, दहावीचा फॉर्म भरलाय. ज्यांच्या घरी अशी लेक परत आली असेल त्यांना एवढंच सांगते: आपण तिला जपायला जे करतो, ते तिला कसं वाटतं हे एकदा तिला विचारा. आम्हाला ते मॅडमनी सुचवलं. त्यांचे उपकार आहेत.

परवा क्लासवरून आले तर दार आतून बंद.

"कोण?"

"मी, अक्का."

"थांब. वेणी घालायलेय."

तेवढ्यात मायही मेंढरं कोंडून आली. डोक्यावर जळणाचा भारा होता. "उघडीना का?"

"वेणी घालतीय म्हणं."

मला वाटलं माय दार बडवील. तिनं भारा उतरवला, उंबऱ्याबाहेर टेकली आणि म्हणाली, "घालू दे. बस तू बी."